जुन्या लंडनमधली 'हॅन्सम' मराठीत कशी लिहावी?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये घडणाऱ्या काही कथा सध्या मराठीत आणते आहे. सुरुवातीलाच एका शब्दाशी अडले, आणि तो शब्द दर दोन पानांनी पुन्हा भेटतो. शब्द आहे 'हॅन्सम', तेव्हाची एक भाड्याची घोडागाडी. पात्र घाईघाईने घराबाहेर येतं, शीळ घालून हॅन्सम थांबवतं, बसतं आणि निघतं.

लहानपणी वाचनालयातून आणलेल्या एका अनुवादात 'तो एका देखण्या गाडीत बसला' असं वाचल्याचं पक्कं आठवतं. तेव्हा वाटलं होतं, लंडनच्या सगळ्याच गाड्या देखण्या असतील. आता मूळ इंग्रजी समोर घेतल्यावर उलगडा झाला. अनुवादकाने 'हॅन्सम' हा 'हँडसम' समजला होता. त्यांना दोष देववत नाही. इंग्रज माणूस 'हँडसम' म्हणताना मधला 'ड' उच्चारतच नाही, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला अगदी एक. फरक फक्त स्पेलिंगचा.

टांगा लिहू, बग्गी लिहू, सरळ घोडागाडी लिहू, की हॅन्समच ठेवू? ठेवला तर तो हॅन्सम की ती हॅन्सम? जाणकारांनी मनापासून सांगावं.

पेठकर

ताई, माझं मत 'घोडागाडी'. वाचकाला कथेत रस असतो, गाडीच्या जातीत नाही. माझी आई सत्तरीत आहे, रोज दुपारी रहस्यकथा वाचते. दर पानाला असा एक अनोळखी शब्द आला तर ती पुस्तक मिटून ठेवील. 'बग्गी' मात्र नको. बग्गी म्हटलं की आपल्याला वरात दिसते.

थेम्सकाठ

गेली अठरा वर्षं लंडनमध्ये राहतो, आणि इथल्या जुन्या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हॅन्सम हे आडनाव आहे. जोसेफ अलॉयशियस हॅन्सम, जन्म १८०३, यॉर्कचा. पेशाने वास्तुविशारद. बर्मिंगहॅमचा टाउन हॉल त्याचाच. त्या कामात तो बांधकामाच्या खर्चाला जामीन राहिला आणि दिवाळखोर झाला. त्यानंतर १८३४मध्ये त्याने एका 'सुरक्षित' भाड्याच्या गाडीचं पेटंट घेतलं. तेव्हाच्या दोनचाकी गाड्या उंच असायच्या आणि वळणावर कलंडायच्या. हॅन्समने बैठक जमिनीजवळ आणली. पेटंट दहा हजार पौंडांना विकायचं ठरलं, पण कंपनी अडचणीत आली आणि ते पैसे त्याला कधी मिळाले नाहीत. पुढे त्याने पुष्कळ कॅथलिक चर्चं बांधली. प्रेस्टनच्या सेंट वॉलबर्ग चर्चचा तीनशे फुटांहून उंच मनोरा त्याचा. इतकी दगडी कामं केलेल्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते एका लाकडी गाडीमुळे, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता गाडी. दोन चाकं, एक घोडा, शेजारी शेजारी दोघंच बसणार, तोंड पुढे, समोरून उघडी. गुडघ्यांपुढे दुमडती लाकडी दारं, चिखल आणि पाऊस अंगावर येऊ नये म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीवान मागे. मागेही आणि वरही. छपराच्या पाठीमागे उंच आसनावर तो बसायचा आणि त्याचे लगाम उतारूंच्या डोक्यावरून, छपरावरून घोड्यापर्यंत जायचे. छपरात एक छोटी झडप असायची. कुठे जायचं ते तिच्यातून सांगायचं, पैसेही तिच्यातूनच वर द्यायचे.

हे सगळं 'घोडागाडी'त कुठे दिसतं? म्हणून माझं मत, शब्द ठेवा.

चाकोरी

माझे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा हाकायचे. त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवेना.

ताई, टांगा लिहू नका. टांग्यात हाकणारा पुढे असतो, त्याच्या बाजूला एखादा उतारू, आणि बाकीचे त्यांच्याकडे पाठ करून मागे तोंड करून. टांग्यात बसलेला माणूस टांगेवाल्याशी अख्खा रस्ताभर बोलतो. गावात कोण आलं, कुणाकडे उतरलं, हे टांगेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळायचं ते यामुळेच. थेम्सकाठ सांगतात त्या गाडीत हाकणारा दिसतही नाही आणि त्याला आतलं ऐकूही जात नाही. म्हणजे दोन माणसं आत काहीही ठरवू शकतात. रहस्यकथेत ही केवढी मोठी गोष्ट आहे! टांगा लिहिलात तर सगळं गुपित टांगेवाल्याच्या कानावर.

आणखी एक. दोन चाकांच्या गाडीत सगळा खेळ तोलाचा असतो. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याचा पट्टा पोटाला काचतो. पुढे जास्त झाला की सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर. आजोबा उतारूंना बिनदिक्कत 'दादा, जरा पुढे सरा, वहिनी, तुम्ही मागे' असं सांगायचे ते याच्यासाठी. आता हॅन्समचा विचार करा. दोघं आखाच्या पुढे आणि गाडीवान आखाच्या मागे. आपोआप तोल. ज्याने कुणी गाडीवानाला मागे बसवलं, त्याला घोड्याची पाठ कळत होती.

जुनारूळ

चाकोरी, तुमच्या शेवटच्या वाक्याने उठून बसलो. कारण ज्याने गाडीवानाला मागे बसवलं त्या माणसाचं आपल्याशी फार जवळचं नातं आहे.

हॅन्समच्या मूळ गाडीत गाडीवान पुढे होता आणि चाकं माणसाहून उंच. ती गाडी होती तशी चालली नसती. १८३६च्या सुमारास जॉन चॅपमन नावाच्या माणसाने तिची नवी बांधणी केली. गाडीवान मागे नेला, चाकं लहान केली, आख वाकवला. आपण चित्रात जी हॅन्सम पाहतो ती खरं तर चॅपमनची.

हाच जॉन चॅपमन पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, प्रवर्तक झाला. लफबरोचा, जन्म १८०१. लेस विणायच्या यंत्रांचा त्याचा धंदा बुडाला होता. १८४५मध्ये तो मुंबईत आला, सह्याद्री कुठून ओलांडता येईल हे स्वतः पाहिलं आणि परत जाऊन लंडनमध्ये कंपनीसाठी खटपट करत राहिला. डोळा वऱ्हाडच्या कापसावर होता, तो घाट उतरून मुंबई बंदरापर्यंत कसा आणायचा हा प्रश्न. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चॅपमन १८५४मध्ये वारला. बोरघाटातला मार्ग १८६३ला पुरा झाला आणि थळघाटातला १८६५ला, म्हणजे दोन्ही घाट त्याने रूळ पडलेले पाहिले नाहीत.

आपण जीआयपीचा इतिहास सांगताना नाना शंकरशेटांचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण कसारा किंवा कर्जतहून घाट चढताना मला हा लेसवालाही आठवतो. लंडनच्या रस्त्यावर त्याची गाडी हॅन्समच्या नावाने धावली आणि इथे त्याच्या नावाचा साधा चौकही माझ्या पाहण्यात नाही. शब्दवेडी, तुमच्या पुस्तकात तळटीप असेल तर दोन ओळी त्याला द्या, ही विनंती.

शब्दवेडी

जुनारूळ, अंगावर काटा आला. ठाण्याची माहेरवाशीण आहे मी! तळटीप नक्की.

पण पेठकरांच्या आईंचा मुद्दा मनातून जात नाही. त्या पुस्तक मिटतील अशी भाषा मला लिहायची नाही.

पेठकर

चाकोरींनी सांगितलेलं पटलं, टांगा बाद. पण 'घोडागाडी' अजून सोडवत नाही. सगळी माहिती आपल्याला इथे मिळाली म्हणून रंजक वाटते आहे. कथेत नायक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, तेवढंच. तिथे गाडीची बांधणी सांगत बसलं तर गोष्ट रखडते.

थेम्सकाठ

पेठकर, आदरपूर्वक असहमत. त्या कथांमध्ये गाडी हा बऱ्याचदा पुरावा असतो.

शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी घ्या, 'अ स्टडी इन स्कार्लेट', १८८७. घराबाहेरच्या चिखलातल्या चाकोऱ्यांवरून होम्स ओळखतो की आलेली गाडी खासगी नव्हती, भाड्याची होती. कसं? दोन चाकोऱ्यांमधल्या अंतरावरून. ग्राउलर या भाड्याच्या चारचाकीची रुंदी श्रीमंतांच्या खासगी ब्रूम गाडीपेक्षा कमी असे. अनुवादात दोन्हींना 'घोडागाडी' म्हटलं तर होम्सने काय ओळखलं हेच वाचकाला कळणार नाही.

दुसरं उदाहरण मेलबर्नचं, फर्गस ह्यूमची १८८६ची 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब'. दोन उतारू बसतात, वाटेत एक उतरून जातो, आणि थोड्या वेळाने गाडीवानाला कळतं की उरलेला मेलेला आहे. चाकोरींनी आजोबांच्या आठवणीवरून जे ताडलं, त्यावरच ही कादंबरी उभी आहे. टांग्यात असा खून करून दाखवा!

ब्रूमचं सांगून टाकतो. लॉर्ड ब्रूम हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सलर. १८३८मध्ये त्यांनी स्वतःसाठी बंद, चारचाकी, एका घोड्याची आटोपशीर गाडी बनवून घेतली, तीच पुढे उमरावांची आवडती झाली. स्पेलिंग पाहून लोक 'ब्रौघम' लिहितात. कृपया 'ब्रूम' लिहा.

मधलीसुट्टी

शाळेत इंग्रजी शिकवते. माझा गोंधळ 'हॅन्सम' आणि 'हॅकनी' यांच्यात होतो. एकाच गाडीला दोन नावं का?

थेम्सकाठ

बाई, मुंबईचं उदाहरण देतो. 'काळी-पिवळी' आणि 'पद्मिनी' यांत जो फरक, तोच इथे. काळी-पिवळी हा परवाना झाला, पद्मिनी ही बांधणी. पद्मिनी २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, काळी-पिवळी अजून आहे.

हॅकनी म्हणजे परवान्याची, भाड्याने मिळणारी गाडी. मग तिला दोन चाकं असोत की चार. हॅन्सम हा गाडीचा घाट. बहुतेक हॅन्सम भाड्याच्या असत म्हणून शब्द एकमेकांत मिसळले, पण एखाद्या श्रीमंताची स्वतःची हॅन्समही असे, आणि तिला हॅकनी म्हणणं चूक. लंडनमधल्या शेवटच्या घोड्याच्या कॅबचा परवाना १९४७ साली परत केला गेला. हॅकनी मात्र कायद्यात अजून जिवंत आहे. इंग्लंडच्या कितीतरी गावांत आजच्या मोटार-टॅक्सीच्या पाटीवर 'हॅकनी कॅरेज' असंच लिहिलेलं असतं.

भाड्याचा घोडा सगळ्यांना ओढून ओढून थकतो, त्यावरून सतत वापरून झिजलेल्या शब्दप्रयोगाला इंग्रजीत 'हॅकनीड' म्हणू लागले. आपण 'गुळगुळीत झालेला' म्हणतो तसं. वर्गात सांगायला बरं पडेल.

मधलीसुट्टी

उद्याच सांगते. नववीच्या मुलांना हे फार आवडेल. आणि 'कॅब'?

थेम्सकाठ

'कॅब' हे 'कॅब्रिओले'चं आखूड रूप. ती हलकी फ्रेंच दोनचाकी, चालताना उड्या मारायची. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला बकरा आहे.

पण शब्दवेडी, तुम्हाला खरा सापळा इथेच आहे. आजच्या मराठीत 'कॅब' म्हणजे मोबाइलवरून बोलावलेली मोटार. 'त्याने कॅब बोलावली' लिहिलंत तर तरुण वाचकाच्या डोळ्यांसमोर पांढरी मोटार येईल आणि गोष्ट सव्वाशे वर्षं पुढे जाईल.

चाकोरी

आणि 'फोर-व्हीलर'! पुतण्याकडचं इंग्रजी पुस्तक चाळलं. त्यात सारखं 'फोर-व्हीलर' येतं. आपल्याकडे 'लग्नात मुलाला फोर-व्हीलर दिली' म्हणतात तो अर्थ डोक्यात घेऊन मी दोन पानं वाचली आणि मग घोडा आला.

थेम्सकाठ

अगदी बरोबर पकडलंत. ती फोर-व्हीलर म्हणजे वर म्हटलेली ग्राउलर. चार चाकांची बंद भाड्याची गाडी, चार माणसं आत, सामान छपरावर, गाडीवान पुढे. मूळ नाव 'क्लॅरन्स', ड्यूक ऑफ क्लॅरन्सवरून. दगडी रस्त्यावर इतकी खडखडायची की लोक तिला 'गुरगुरणारी' म्हणू लागले.

कुठलं पात्र कोणती गाडी करतं यावरूनही लेखक बोलत असतो. घाई असेल तर हॅन्सम, ती हलकी आणि गर्दीतून वाट काढणारी. ट्रंका आणि बायकामुलं असतील तर ग्राउलर. सभ्य घरच्या बाईने एकटीने हॅन्सममध्ये बसणं बराच काळ शोभत नाही असं मानलं जाई. तुमच्या कथेत एखादी स्त्री एकटीच हॅन्सममधून उतरत असेल, तर तेव्हाच्या वाचकाच्या भुवया उंचावल्या असतील. 'घोडागाडीतून उतरली' लिहिलं की ती भुवई गेली.

पेठकर

हे शेवटचं वाचून मी घोडागाडी मागे घेतो. आईला दुपारी विचारलंही. ती म्हणाली, 'पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात काय आहे ते सांगा, मग कितीही वेळा लिहा. आम्ही फिटन, व्हिक्टोरिया वाचतच मोठ्या झालो.' माझ्या घरातच उत्तर होतं.

जुनारूळ

आईंना नमस्कार सांगा. खरंच आहे. फिटन म्हणजे इंग्रजीतली 'फेटन', सूर्याचा रथ हाकायला घेऊन सगळा गोंधळ करून बसलेल्या ग्रीक मुलाच्या नावाची. आपल्या लोकांनी ती फिटन केली आणि पचवली. व्हिक्टोरिया तर राणीच्या नावाची, आणि मुंबईच्या भाषेत टांगा-रिक्षासारखी रुळली. २०१५मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हाही बातम्यांत शब्द व्हिक्टोरियाच होता.

अवांतर: शिग्राम हा मुंबईकडचा जुना शब्द कुणाला आठवतो का? 'शीघ्र'वरून आलेला. भाड्याच्या गाडीलाच म्हणत. आवाजाने गोड आहे, पण हॅन्समसाठी तो वापरू नये असं मला वाटतं. वाचकाला लंडन सोडून गिरगावात आणून उभं केल्यासारखं होईल.

शब्दवेडी

शिग्राम मनात भरला, पण तुमचं पटतं. लंडन लंडनच राहू दे.

आता लिंगाचा प्रश्न राहिला. मी 'ती हॅन्सम' धरते आहे.

मधलीसुट्टी

'ती'च. गाडी, बग्गी, फिटन, व्हिक्टोरिया, टॅक्सी सगळ्या स्त्रीलिंगी. टांगा पुल्लिंगी आहे तो त्याच्या आकारान्तामुळे. अनेकवचन मात्र बदलू नका. 'दोन हॅन्सम उभ्या होत्या', 'हॅन्सममधून', 'हॅन्समच्या छपरातून'. 'हॅन्समा' कानाला टोचेल. आणि 'हॅन्सम कॅब' असं जोडून लिहिण्याची गरज नाही, नुसतं 'हॅन्सम' पुरे. लंडनकरही तसंच म्हणत ना?

थेम्सकाठ

हो, नुसतं 'हॅन्सम'. आणि मराठीत आपली एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. आपण 'हँडसम' लिहितो तेव्हा 'ड' लिहितो आणि उच्चारतोही. त्यामुळे 'हॅन्सम' नीट लिहिलं तर गल्लत व्हायचं कारण उरत नाही. मुद्रितशोधकाला मात्र आधीच सांगून ठेवा. चांगल्या मनाने ते त्यात 'ड' घालतील.

शब्दवेडी

सगळ्यांचे किती आभार मानू! तीन दिवस अडलेलं पान आज सुटलं. पहिल्या उल्लेखाचा उतारा असा केला आहे, वाचून सांगा:

'त्याने काठी उंचावली, तशी कोपऱ्यावरची हॅन्सम वळून समोर येऊन थांबली. दोन चाकांची, दोघांपुरती गाडी. गाडीवान पाठीमागे, छपराच्याही वर. तो आत शिरला, गुडघ्यांपुढची दारं ओढून घेतली आणि छपरातली झडप काठीने ढकलून म्हणाला, "पॅडिंग्टन. लवकर!"'

पेठकर

आईला वाचून दाखवलं. 'पुढे काय झालं?' असं विचारते आहे.

चाकोरी

सुंदर. एकच बारीक गोष्ट. 'आत शिरला' हे ग्राउलरला शोभेल, तिला बाजूला दार असतं. ही समोरून उघडी गाडी आहे. चाक आणि दांडी यांच्या मधल्या पायरीवर पाय ठेवून अंग वर घ्यावं लागणार. आमच्याकडे गाडीत कुणी शिरत नाही, गाडीत चढतात.

शब्दवेडी

'चढला' केलं.